आज कोण आलं नाही?

आमच्या तंजावूरच्या फुटबॉल संघात अण्णा बचावात खेळायचे. उजवीकडे, डावीकडे, मधे. जो येणार नाही, त्याची जागा त्यांची. मैदानावर आले, की बूट घालायच्या आधी मला, कप्तानाला, विचारायचे, "आज कोण आलं नाही?" मी नाव सांगितलं, की तमिळमध्ये "सरि", म्हणजे बरं, म्हणून मान हलवायचे आणि त्या जागी जाऊन उभे राहायचे. त्यांना स्वतःला कुठं खेळायला आवडतं, हे मी कधी विचारलंच नाही.

पुढं त्यांचा गुडघा गेला आणि खेळ सोडायचं ठरलं. त्यांच्या शेवटच्या सामन्याला झाडून सगळे आले. त्यांनी नेहमीचंच विचारलं.

"सगळे आलेत, अण्णा. आज तुम्हाला हवं तिथं खेळा."

ते मैदानावरच्या एकेका जागेकडे बघत गेले. मग "सरि" म्हणाले आणि बूट पुन्हा पिशवीत ठेवले.