माफ न करता

दर सोमवारी शाळेत नखं तपासायचे. बाई रांगेतून यायच्या. बाकीच्या मुलींचे हात स्वतःच्या हातात घ्यायच्या, उलटेसुलटे करून बघायच्या. आमच्या बौद्ध मोहल्ल्यातल्या मुलींपाशी आल्या की पट्टी काढायच्या. लाकडी पट्टीच्या टोकानं आमची बोटं वर करायच्या. एकदा मी नखं कापून, हात घासूनपुसून गेले. वाटलं, आज तरी धरतील. हात जरा पुढं केला. बाई मागं सरकल्या. पदर सावरला.

"लांब धर. अंगाला लावतेस काय?"

सगळा वर्ग हसला. मी हात तसाच धरून उभी. बाईंनी सांगितल्याशिवाय खाली घ्यायचा नाही, असा नियम होता. नखं स्वच्छ होती, ते त्यांनी बघितलंही नाही.

आज मी बेंगळुरूत आहे. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी, भाड्याचा फ्लॅट, बरा पगार. नागपूरकडं आमचे लोक म्हणतात, पोरीनं नाव काढलं. त्यांना कुठं ठाऊक, की खुर्चीमागं कुणी येऊन उभं राहिलं की माझी बोटं बधिर होतात. कीबोर्डवर असतात, पण माझी नसतात. घाम फुटतो. मला वाटायचं, मीच भित्री.

गेल्या वर्षी एका मोठ्या कामाची टीम माझ्याकडं येणार होती. क्लायंटला डेमो देताना मॅनेजर मागं येऊन उभा राहिला. बोटं थांबली. त्यानं सगळ्यांदेखत कीबोर्ड माझ्यापुढून ओढून घेतला. नंतर म्हणाला, "पहले काउन्सेलिंग कर लो. उनका ओके आने दो, फिर टीम की बात करेंगे."

कंपनीची काउन्सेलर मराठीच निघाली, पुण्याची. काचेची खोली, मंद दिवे, टेबलावर टिश्यूचा डबा. मला पहिल्यापासून खटकत होतं. हिला पैसे कंपनी देणार, माझा ओके कंपनीला जाणार, मग ही नक्की कुणाची? पण टीम हवी होती. आणि खरं सांगायचं तर, कुणाला तरी सांगायचंही होतं. आईलाही न सांगितलेलं ते पट्टीचं मी तिला सांगितलं.

तिनं मान हलवली. म्हणाली, "अगं, बाई स्वच्छतेसाठीच करत असतील ना? तूच त्याला जातीचा रंग देतेयस का, बघ एकदा. माफ करून टाक. मोकळी होशील."

मी पुन्हा त्याच रांगेत उभी. फक्त ही बाई गोड बोलत होती.

त्याच आठवड्यात कॉफी मशीनपाशी मॅनेजर माझ्या मागं आला. हसून म्हणाला, "डरो मत. मेरे हाथ में स्केल नहीं है."

आजूबाजूचे हसले. त्यांना काही कळलं नव्हतं, साहेब हसला म्हणून हसले. मला कळलं. पट्टीचं मी जगात एकाच माणसाला सांगितलं होतं.

कप ठेवला. जागेवर जाऊन एचआरकडं तक्रार लिहिली. काउन्सेलरनं माझं खासगी बोलणं मॅनेजरला सांगितलं, मॅनेजरनं त्याची चेष्टा केली. दोघांची नावं घातली. बोटं बधिर होती, तरी लिहिली.

तक्रार गेली, पण माझी झोपही गेली. डोळा लागला की शाळेतली रांग. शेवटी एका मैत्रिणीनं चामराजपेटमधल्या एका थेरपिस्टचा पत्ता दिला. वयस्कर बाई. सगळे त्यांना अक्का म्हणतात. मराठी चांगलं बोलतात, मधेच एखादा कानडी शब्द येतो. मी गेले ती भांडायच्याच तयारीनं. बसायच्या आधी विचारलं, "तुमची जात कोणती?"

"ब्राह्मण," अक्का म्हणाल्या. "आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथंच. हे ऐकून जायचं असेल तर सरी, ठीक आहे, जा. मला राग नाही."

"मी बोललेलं कुणाला सांगणार?"

"कुणालाच नाही. तुमच्या जिवाला धोका वाटला तरच. तेही आधी तुम्हाला सांगून."

मी दाराजवळची खुर्ची घेतली. अक्का म्हणाल्या, कुठं थांबायचं ते तुम्ही ठरवायचं. म्हणून मी मुद्दाम अर्ध्या वाक्यात थांबले. म्हटलं, बघू काय करते ही. त्यांनी 'मग पुढं?' असं विचारलं नाही. पंखा फिरत राहिला. त्या दिवशी मी तेवढंच बोलून घरी आले. आणि पुढच्या आठवड्यात परत गेले.

पट्टीपर्यंत पोचायला बरेच आठवडे लागले. तेव्हा अक्का म्हणाल्या, "तुम्हाला पळता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं. म्हणून शरीर थिजलं. तो भित्रेपणा नव्हे. लहान मुलीनं स्वतःला वाचवलं. आता कुणी मागं उभं राहिलं की शरीराला अजून तीच शाळा वाटते. स्वल्प वेळ लागेल, पण त्याला शिकवता येतं."

"आणि बाईंना माफ करायचं?"

"ते मी कोण सांगणार?"

मला रडू आलं. रागही आला, की एवढं साधं ऐकायला इतकी वर्षं जावी लागली.

माझा पुरता विश्वास बसलाय, असं नाही. दाराजवळच्या त्याच खुर्चीत बसते अजून. पण बोटं बधिर व्हायला लागली की आता मला आधी कळतं. पाय जमिनीवर दाबते, खोलीतल्या वस्तू एकेक करून बघते, स्वतःला सांगते, शाळा सुटली. कधी उपयोग होतो, कधी नाही.

परवा शेवटी एचआरनं त्या तक्रारीबद्दल बोलावलं. मॅनेजर शेजारीच. माझ्यासाठी चहा मागवलेला. एचआरवाली म्हणाली, "कंप्लेंट वापस ले लो, टीम आज से तुम्हारी. भूल जाओ. तुम्हारी हेल्थ के लिए भी अच्छा है."

आता यांना माझ्या तब्येतीचा पुळका. मी चहाला हात लावला नाही. म्हटलं, "कंप्लेंट रहेगी. टीम काम देखकर दो. और मेरी हेल्थ इस कमरे का मामला नहीं है."

"सोच लो," मॅनेजर म्हणाला.

विचार झालाय. टीम जाईल, कदाचित नोकरीही जाईल. भीती वाटते, का नाही वाटणार? पण मी बरी होतेय ती ह्यांच्या सोयीची होण्यासाठी नाही. माफ तर कुणालाच करणार नाही. चौकशीला बोलावतील तेव्हा जाईन आणि पहिल्यापासून सगळं सांगेन, जातीसकट.