तांदळावर दळलेली नाचणी

मला बिअर फारशी आवडत नाही, हे मी श्रीवर्धनच्या माझ्या सासऱ्यांना वेळेत सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. सासुरवाडीत माझं तोंड नको तिथे उघडतं आणि हवं तिथे मिटलेलं राहतं.

माझ्या पोटाला गहू चालत नाही. नुसती पोळीच नव्हे, पाव, रवा, मैदा, जव, ज्यात ग्लूटेन म्हणून आहे ते काहीच नाही. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मला आजारापेक्षा लाजच जास्त वाटली. लग्नाच्या पंगतीत आपला डबा उघडून बसायचं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक काकूने म्हणायचं, "एवढीशी पुरी खाल्ली तर काय होतंय?" बिअर जवाची, म्हणून तीही गेली. तिचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते सासऱ्यांना.

त्यांना दोन मुली, म्हणून दोन जावई. एकाला टॉवेल-टोपी दिली की दुसऱ्याला तीच, त्याच रंगाची. फणस दिला तर तोही आकार बघून. धुळवडीला आम्ही दोघं तिकडे जातो. साडू ठाण्याहून गाडीच्या डिकीत बर्फ भरून बिअर आणतो आणि आम्ही घरामागे वाडीत, सुपारीच्या झाडांखाली बसतो. सासरे स्वतः थेंबाला शिवत नाहीत. आमची बैठक चालू असताना ते तिकडे फिरकत नाहीत, यायचंच झालं तर लांबून खाकरतात. म्हणजे आम्ही ग्लास लपवायचे आणि त्यांनी काही पाहिलं नाही असं समजायचं. तर दोन धुळवडींपूर्वी ते असेच खाकरून आले. साडूने ग्लास खुर्चीमागे सारला. माझ्याकडे लपवायला काही नव्हतंच, मी कोकम सरबत हातात धरून बसलो होतो. ते मात्र त्यांनी पाहिलं.

"माझ्या घरात एकाला एक नि दुसऱ्याला एक, असं नाय चालायचं," ते माझ्या बायकोला म्हणाले. तिने बापडीने मोबाईलवर शोधून सांगितलं, की नाचणीचीही बिअर घरी करतात आणि तिच्यात ग्लूटेन नसतं. झालं. सासऱ्यांनी मनावर घेतलं.

मग मला अलिबागला फोन सुरू झाले. नाचणीला मोड कसे आणायचे हे सासूबाईंना कुणी शिकवायला नको होतं, दोन्ही मुलींच्या बाळांना नाचणीसत्त्व त्यांनीच करून घातलेलं. पण त्यांनी हाताच्या सवयीने मोड आलेली नाचणी वाळवून खमंग भाजून टाकली. सत्त्वाला ते लागतं, बिअरचा त्यात सत्यानाश होतो. भाजलं की नाचणीचा गोडवा सुटतच नाही. "पाणी गोडच होत नाय हो," सासरे फोनवर म्हणाले, आणि मी ऑफिसात बसून हसलो. हसून वर शिकवलं, की भाजायची नाही, उन्हात वाळवायची, भरडून गरम पाण्यात भिजत ठेवायची. ते पाणी गाळून हॉप्सची कडू फुलं घालून उकळायचं, गार झालं की यीस्ट टाकायचं. फुलं बायकोने ऑनलाइन मागवून पाठवली. पिंप सुपारीच्या खोलीत ठेवलं. आंबूस वास साऱ्या आळीत गेला, तेव्हा सासऱ्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं, की जावयांचं औषध मुरतंय. ज्या माणसाच्या घरात कधी बाटली आली नाही, तो माझ्यापायी हे असलं सांगत होता. ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरीही मी म्हटलं नाही, की बाबा, राहू द्या.

गेल्या धुळवडीला ते वाडीत न खाकरता आले. एका हातात थंड केलेली बाटली, दुसऱ्या हातात घरातला चांगला काचेचा ग्लास. मागून औषध बघायला आलेले शेजारचे दोघे. माझ्यापुढच्या टेबलावर ग्लास ठेवून त्यांनी स्वतःच ओतली. तपकिरी, गढूळ, वर बोटभर फेस. फेस बघून ते इतके खूश झाले की मला त्यांच्याकडे बघवेना.

"साडूभाऊ, आता पळवाट नाही," साडू म्हणाला.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. बाळाला पहिला घास भरवताना बघतात तसे. साक्षात सासऱ्यांच्या हातची दारू, त्यांच्याच पुढ्यात प्यायची. मला तिथून सुटायचं होतं, एवढंच खरं. म्हणून मी विचारलं, "बाबा, भरडली कुठे?"

त्यांना वाटलं मी कौतुकानेच विचारतोय. "गिरणीत. पण सकाळीच जाऊन बसलो. गव्हावर नाय टाकू दिली. तांदळाचं दळण होईस्तोवर थांबलो, नि त्यावर आपली नाचणी टाकायला लावली."

गिरणीत आधीच्या दळणाचं थोडं पीठ मागे राहतं आणि पुढच्यात मिसळतं, म्हणून आमच्याकडे सगळेच गव्हावर गहू, तांदळावर तांदूळ बघून दळण टाकतात. याहून जास्त काळजी कोण घेतो? पण मी डॉक्टरचा आव आणला. तांदळाच्या आधी गहूच दळला असणार, त्याचा कण आत राहतोच, मला चिमूटभरही बाधतो, असं सगळं साग्रसंगीत ऐकवलं. शेजाऱ्यांसमोर.

"म्हणजे ही नाय चालायची," ते म्हणाले.

"नाही चालायची."

"बरं." त्यांनी ग्लास उचलला, टेबलावर उठलेलं ओलं वर्तुळ खांद्यावरच्या पंच्याने पुसलं आणि घरात गेले. मला हायसं वाटलं. सुटलो एकदाचा, असं चक्क वाटलं.

दुपारी पंगत बसली. कोलंबीचं कालवण होतं. सासूबाई तव्यावरची तांदळाची भाकरी घेऊन माझ्या ताटापाशी वाकल्या, तेवढ्यात सासरे म्हणाले, "थांब. पीठ कुठलं ते?"

"कुठलं म्हणजे? गिरणीतलंच."

"मग त्यांना नको वाढू."

सासूबाई भाकरी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "अहो, मग इतकी वर्षं यांनी खाल्ली ती?" मग माझ्याकडे वळल्या. "बोला ना. गणपतीत इथून गेल्यावर आजारी पडलात, ते माझ्या हातच्या भाकरीनं?"

त्याच भाकरीनं. मला माहीत होतं. माझ्या घरी याच कारणासाठी वेगळी घरघंटी आहे. पण सासूबाईंना पीठ कुठलं असं तोंडावर कसं विचारायचं, म्हणून मी दर खेपेला मुकाट खात आलो. परतताना गाडीत पोट दाबून बसायचो आणि पाणी बाधलं म्हणायचो. आता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून माझी जीभ आपोआप वळली.

"नाही हो आई, भाकरीनं नाही. थोडंफार चालतं मला."

साडूचा घास हातातच राहिला. सासऱ्यांनी मान वर केली आणि सकाळपासून पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"हिची चालते," ते हळूच म्हणाले. "माझीच तेवढी नाय चालत."

ते खाली बघून भात कालवायला लागले. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले, बरं वाटलं म्हणाल्या, आणि भाकरी माझ्या ताटात वाढली. मी ती सगळी खाल्ली.