वळणामागचं बघणारे भाऊजी

जेवायला बसले की अनंताभाऊजी आधी चमचा पालथा करून डोळ्यांसमोर धरायचे. त्यात आमचं महाडचं अख्खं स्वयंपाकघर मावायचं, त्यांच्या पाठीमागे उभी असलेली मीसुद्धा. म्हणायचे, "वहिनी, समोरचं कुणालाही दिसतं. वळणामागचं दिसलं पाहिजे."

माझे हे धाकटे दीर पोलादपूरच्या वरच्या वाडीतले, पण पुण्यात दुर्बिणीची भिंगं आखायचे. आकाश बघायची दुर्बीण नव्हे हो, मोठ्या आतड्यात घालून तपासतात ती. मी नाक मुरडलं, तर माझ्या स्वेटरच्या बाहीत हात घालून त्यांनी समजावलं. आतड्याला आतून अशाच चुण्या असतात. गाठ चुणीमागे दडली तर सरळ बघणाऱ्या भिंगाला ती दिसत नाही. बाजूचं नि मागचंही दाखवेल असं भिंग त्यांना करायचं होतं. पण नजर रुंद केली की कडेचं चित्र वाकडं, अंधुक होतं. त्यातच ते वर्षानुवर्षं अडकले होते.

मग त्यांनाच शौचावाटे रक्त पडू लागलं. त्याच दुर्बिणीची तपासणी महाडला ठरली. आदल्या दिवशी नुसतं पाणी नि पोट धुऊन काढायचं औषध. तर दुपारी सासूबाई वाडीवरून एसटीने आल्या, वालाचं बिरडं नि नाचणीची भाकर बांधून. लेक उपाशी कळल्यावर म्हणाल्या, "किती वाळलास रे. तपासणी काय पळून जाते? उद्या नाय तर परवा."

मी मध्ये पडले, तर भाऊजींनी डोळ्यांनीच मला गप्प केलं आणि ते जेवले. हात धुताना हळूच म्हणाले, "आतडं साफ नसलं तर भिंग काय करणार, मला नाय ठाऊक? पण ती पहाटे उठून हे करून आलीय, वहिनी."

डॉक्टरांना धड काही दिसलं नाही. पुन्हा या म्हणाले. भाऊजींनी ठरवलं, भिंगाचा नमुना हातावेगळा करायचा नि मगच यायचं. आले तेव्हा दुखणं यकृतापर्यंत पोचलं होतं. नमुना मात्र छान उतरला होता, कडेपर्यंत स्वच्छ. अंथरुणावरून त्यांनी माझ्याकडून एकच वचन घेतलं, त्या जेवणाचा अर्थ आईला कधी कळू द्यायचा नाही. आता सासूबाईही नाहीत, म्हणून लिहिते.

भाऊजींच्या तेराव्याला सासूबाई बायकांना सांगत होत्या, "शेवटी अन्न तुटलं होतं त्याचं. पण त्या दिवशी माझ्या हातचं पोटभर जेवला. तेवढंच समाधान हाय मला." मग माझ्याकडे वळल्या. "तू होतीस ना गो तिथं?"

"होते ना, आई," मी म्हटलं. "बिरडं परत मागून घेतलं त्यांनी."