तिसऱ्या हाकेची ओ

आधी माफी मागतो. या सदरात लिहिणारे लोक चांगलं लिहितात. मी जर्नल आणि अर्ज यांच्यापलीकडे काही लिहिलेलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. भूतखेत, भास असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. पण हे मनात ठेवून जगणं जमत नाही, म्हणून लिहितोय.

जासईच्या पुढे खाडीकाठी आमचं गाव. बाबा आणि धाकटे काका एकाच होडीवर मासेमारीला जायचे. मी पनवेलला एस.वाय. बी.एस्सी.ला, विषय फिजिक्स. थंडीत आमच्या खाडीवर सकाळी असं धुकं पडतं, की होडीतल्याला स्वतःच्या वल्ह्याचं टोक दिसत नाही. तेव्हा परतणारा माणूस घरच्याचं नाव घेऊन हाक मारतो, आणि घरच्याने धक्क्यावरून ओ द्यायची. ओ येईल तिकडे होडी वळते. हाक आली की हातातलं टाकून ओ द्यायची, हे आम्हाला कोणी वेगळं शिकवत नाही. आई त्या वेळी बाजारात मासे विकायला बसलेली असते, म्हणून रविवारचं हे काम माझं होतं.

त्या जानेवारीत कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एक पत्रक लागलं — विज्ञान, अध्यात्म आणि अद्वैत, दोन दिवसांचं निवासी शिबिर, शिरढोणजवळ डोंगराच्या पायथ्याच्या एका फार्महाऊसवर. मला फार जावंसं वाटलं. पण घरी काय सांगणार? प्रॅक्टिकल आहे म्हणालो.

"ऐतवारी प्रॅक्टिकल?" बाबा जाळं आवरत होते.

"स्पेशल हाय."

"जा मंग. सायन्स शिकून झालं का आमाला पन सांग, ह्यो धुका कसा घालवाचा त्ये."

काका हसले. मीही हसलो. धक्क्यावर कोण उभं राहील, हे मी विचारलं नाही.

शिबिरात तीसेक माणसं होती. बँकेतले, डॉक्टर, इंजिनीअर. तळोज्याच्या केमिकल कंपनीतले एक साहेब आल्या आल्या म्हणाले, "इथे आमच्या कंपनीचा वास येत नाही, यातच माझं निम्मं ध्यान झालं!" सगळे मोकळेपणाने हसत होते. मी माझ्या बोलण्यातून 'हाय-नाय' निघू नये म्हणून गप्प होतो. शिकवणारे सर फिजिक्सचे निवृत्त प्राध्यापक. त्यांचं बोलणं मी वहीत उतरवून घेत होतो... आपल्यालाही हे कळतंय, याचंच अप्रूप होतं.

रविवारी सकाळी आठला बैठक सुरू झाली. सर म्हणाले, "आवाज आला तर तो कोणाचा, कशाचा, हे विचारू नका. ऐकणं चालू आहे एवढंच बघा. ऐकणारा वेगळा सापडतो का, ते शोधा."

थोड्या वेळाने मला हाक ऐकू आली. "बारक्याऽऽ..." बाबांची. पाण्यावरून येते तशी, लांबलेली आणि ओलसर.

मी डोळे उघडले नाहीत. आवाज आहे, ऐकणं आहे, असं मनाशी म्हणत राहिलो. दुसरी हाक आली. तरी बसून राहिलो. तिसऱ्या हाकेला ओ अगदी घशाशी आली... पण इतक्या लोकांत ओरडलो असतो तर काय म्हणाले असते? मी ओठ घट्ट मिटले. हाही एक विचारच, असं समजून त्या ओ-कडे नुसतं बघत राहिलो. ती विरून गेली. मग इतकं शांत वाटलं, की तसं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

नंतर अनुभव सांगायची वेळ आली तेव्हा मी उठून हे सगळं सांगितलं. सर म्हणाले, "वा! पहिल्याच शिबिरात!" सगळे वळून माझ्याकडे बघत होते. मला अभिमान वाटला. लिहिताना लाज वाटते, पण वाटला होता.

दुपारी चुलतभाऊ कॉलेजच्या मित्राकडून पत्ता काढून मोटारसायकलवरून न्यायला आला. सकाळी आठच्या सुमारास धुक्यात होडी जुन्या बांधाच्या दगडांवर आपटली होती. बाबा गेले होते. काकांच्या छातीत पाणी भरलं होतं, ते पनवेलला दवाखान्यात होते, बोलत नव्हते.

शिबिरात माझ्या शेजारी बँकेतल्या एक बाई बसल्या होत्या, अगदी हातभर अंतरावर. मी पुढे मुद्दाम त्यांना जाऊन भेटलो. "मी काही ओरडलो का हो तेव्हा?" त्या म्हणाल्या, "छे! तुम्ही तर दगडासारखे बसला होतात." सरांनाही पत्र लिहिलं. योगायोग असावा, स्वतःला दोष देऊ नकोस, असं त्यांचं उत्तर आलं. मी फिजिक्सची पुस्तकं चाळली, अध्यात्माची चाळली. मला अजून काही सापडलेलं नाही. कोणाला काही सुचलं तर जरूर लिहा.

बाराव्याच्या आदल्या दिवशी काकांना बोलता यायला लागलं. मी खाटेशी बसलो होतो. मी धक्क्यावर नव्हतो हे कबूल करायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनीच माझा हात धरला.

"तुज्या बापसाने तीन हाका मारल्या," काका म्हणाले. "तिसऱ्या हाकेला तू ओ दिलीस. मी बोललो, दादा, धक्का डाव्या अंगाला हाय, ही ओ उजवीकडून आयली, डोंगराकडनं. तर माज्यावरच डाफरला. बोलला, माज्या पोराचा आवाज मी वलखत नाय काय? आन् वल्हं फिरवलं."