गाडीले वजन पायजे

ये गं शाले, अशी जवळ सरक. कागदावरून का होईना, पण जवळ ये, म्हणजे नीट कान उपटता येईल. पत्रात काय लिहितेस, तर 'आजी, नवी गाडी घेतली, पण अकोटचा रस्ता फार आदळतो, म्हणून येणं होत नाही.' रस्ता आदळतो म्हणे! आदळणं म्हणजे काय हे तुला ठाऊक तरी आहे का? आणि वर लिहितेस, गाडीत मी एकटीच असते. चार माणसांची जागा आणि तू एकटी. हे तुझ्या पणजोबांनी ऐकलं असतं तर तुला उभ्या उभ्या परत पाठवली असती.

तुझे पणजोबा म्हणजे माझे सासरे. गाव त्यांना मोटारबुवा म्हणे, मी मामाजी म्हणायची. हा माणूस कोणाकडेही बघायचा तो आधी वजनासाठी. नाव, गाव, नातं, सगळं मागाहून. दारात पाहुणा आला की डोळे बारीक करून त्याला पायापासून डोक्यापर्यंत मोजायचे आणि मनाशी म्हणायचे, "दोन मणाला जरा कमी." पाहुण्याला वाटे, बुवा आपली चौकशी करतायत. मला तर घरात लपावंसं वाटायचं.

याचं मूळ त्या गाडीत. अकोटच्या एका कापसाच्या जिनाचा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याची जुनी दोन सिटांची उघडी मोटार मामाजींनी घेतली. बेडकासारखी जमिनीला चिकटलेली, लांब नाकाची. मागचं झाकण उघडलं की आणखी दोघातिघांना कोंबून बसवता येई, त्याला डिकी म्हणायचे. साहेब बिचारा सांगून गेला की ही शर्यतीची गाडी आहे, हिला जपा. मामाजींनी दुसऱ्याच दिवशी तिच्यात संत्र्यांची टोपली भरली. आमचा बागायतीचा धंदा. संत्री, वांगी, शेवंती. सगळं त्या शर्यतीच्या गाडीतून अकोल्याच्या बाजारात. वर्षभरात गाडीनं मान टाकली. चाकांवर गाडी तोलून धरणाऱ्या कमानीचे पोलादी पाटे सपाट झाले, दोन तडकले, आणि चाक वर अंगाला घासायला लागलं.

मुंबईहून नव्या कमानी मागवा, असं सगळ्यांनी सांगितलं. मामाजी उसळले. "मुंबईहून काहून? अकोल्यात भाते इझले का?" मग गाडी गेली अकोल्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे. त्यानं वाकून बघितलं आणि विचारलं, "बुवा, ये तो रेसवाली गाडी है. इसमें क्या भरते?"

"दहा टोपले संत्रं, दोन पोते वांगे, मी, अन् मागं दोन मानसं."

मिस्त्री म्हणे, "मोटर है के छकडा?" पण गिऱ्हाईक सांगेल तसं त्यानं केलं. आमच्याकडे बैलांची साधी दमणी करायला टाकली तरी सुतार आधी वजनच विचारतो, मग लाकूड कापतो. मामाजींनी मोटारीलाही तोच न्याय लावला. पाच पाट्यांच्या जागी नऊ पाट्यांची कमान झाली. चाकांचे हादरे खाणारे ते शाकप असतात ना, त्यांच्या आतल्या लाकडी चकत्या झिजून पापडासारख्या झाल्या होत्या. त्याऐवजी जिनातल्या जुन्या पट्ट्याचं जाड चामडं गोल कापून बसवलं, आणि वरची चाकी मामाजींनी स्वतः दातओठ खाऊन आवळली. मिस्त्री म्हणत होता, बस करो, बस करो. ऐकतो कोण?

भरलेली गाडी लोण्यावरून चालावी तशी घरी आली. मामाजींचा चेहरा काय खुलला होता! दुसऱ्या दिवशी तीच गाडी रिकामी घेऊन अकोटला निघाले, आणि गावाबाहेरच्या पहिल्याच खड्ड्यात ती अशी उधळली की मामाजींचा पटका उडून बाभळीवर जाऊन बसला. कमान ताठच इतकी, की एकट्या माणसाच्या वजनाला ती दाद देईना. घरी आले ते बोडक्यानं. आम्हाला वाटलं, आता तरी चूक कबूल करतील. तर म्हणतात, "कमान बराबर हाये. गाडी उपाशी हाये."

मग तिला जेवण सुरू झालं. आधी डिकीत सरकीची दोन पोती कायमची ठेवली. ती म्हशींची होती. सासूबाईंनी आठ दिवस बघितलं आणि पोती उतरवून घेतली. "म्हशीलेबी सरकी अन् मोटारीलेबी सरकी! दूध कोन देते यातून, ते सांगा." तेव्हापासून मामाजींनी माणसं भरायला सुरुवात केली.

रस्त्यानं चालणारा दिसला की गाडी थांबे. "बसा हो काकाजी. गाडीले वजन पायजे." कोणी पायी बाजाराला निघालेला, कोणी लेकीकडे, कोणी उगाचच चाललेला, त्यालाही बसवत. कोणी हाडकुळा असला तर त्याच्या तोंडावर म्हणत, "तू एकटा नाई पुरत. अजून एक घेऊन ये." आणि तो शहाणा खरंच वावरातून भावाला हाक मारून आणायचा! एकदा अकोटचे एक जाडजूड शेठजी बसले होते. त्यांना भर रस्त्यात म्हणाले, "शेठजी, जरा डावीकडं सरका, उजवं चाक दबून राह्यलं." शेठजींनी अकोला येईपर्यंत तोंड फिरवून ठेवलं, पण सरकले.

मला या गाडीत नेत, कारण तुझे आजोबा तेव्हा नागपूरला शिकायला होते आणि सुनेनं बाजार शिकावा असा मामाजींचा हट्ट. अगं, काय वैताग होता तो! एक उतरणार, एक चढणार, तिसरा म्हणणार की दोन मिनिटं थांबा, बहिणीला मिरच्या देऊन येतो. तोंडावरचा पदर धुळीनं लाल, आणि मी दुकानांच्या पाट्यांकडे बघत बसलेली. शाळेची पायरी मी चढले नाही. अक्षरं त्या पाट्यांवरच जुळवली, इतका वेळ मिळायचा! म्हणून तर बोलते तशी लिहिते.

आणि मी वजनाला कुचकामी. सतरा वर्षांची, काडी. मामाजी माझ्याकडे बघून हताश व्हायचे. "सूनबाई, तू त पाखरू. अशा पाच बसवल्या तरी कमान हालत नाई." आमच्या घरी सुना सगळ्यांत शेवटी जेवायच्या, जे उरेल ते. एका संध्याकाळी पानावर बसता बसता मामाजींनी सासूबाईंना फर्मान सोडलं, "इले आधी वाढा. उद्या गाडीत बसाचं हाये इले." सासूबाई बघतच राहिल्या. मी लाजेनं मेले. पण त्या दिवसापासून बाजाराच्या आदल्या रात्री मला आधी वाढलं जाई. वर भाकरीवर लोणी. आणि आठवड्यात बाजार तरी किती! आज अकोट, परवा अकोला. जावा चिडवायच्या, "खाय व बाई, मोटारीच्या नावानं खाय."

माझं माहेर अमरावतीचं, राजापेठेतलं. लग्नात निरोपाच्या वेळी आईनं माझं मनगट धरलं होतं. तिचा अंगठा आणि मधलं बोट त्याभोवती सहज जुळलं. तेवढंच बघून ती रडली. म्हणाली, "लाजू नको माय, मागून खाजो." तिला एकच घोर होता, की ही मुखदुर्बळ पोर सासरी उपाशी राहील. त्यानंतर दीड वर्ष मला माहेरी जाता आलं नव्हतं. आणि एका सकाळी तार आली, आई अत्यवस्थ आहे, लगेच निघा.

मामाजींनी गाडी काढली. तोंड वर करून मी त्यांच्याशी बोलले ती पहिली वेळ. म्हणाले, "मामाजी, आज कुठंच थांबू नका. कोणालाच घेऊ नका." त्यांनी नुसती मान हलवली.

आणि खरंच थांबले नाहीत गं. नेहमीची माणसं लिंबाखाली हात वर करून उभी, आणि हा माणूस मान खाली घालून पुढे. पण गाडी! मी काडी, ते वाळकुडे. अंजनगावच्या पुढे रस्ता नुसता चाकोऱ्यांचा. जरा वेग घेतला की गाडी उसळून कडेला जायला बघे. एकदा तर मी सीटवरून उडून त्यांच्या खांद्यावर आदळले. शेवटी ती बैलाच्या चालीनं चालवावी लागली. मागून एक दमणी आली आणि आम्हाला मागं टाकून गेली. ऊन चढत होतं आणि माझ्या डोळ्यांसमोर आईचं अंथरूण.

अचलपूरच्या अलीकडे, तेव्हा एलिचपूर म्हणायचे, शेवंतीच्या टोपल्या घेऊन तिघी माळणी सावलीला बसल्या होत्या. चांगल्या भरल्या अंगाच्या. मामाजींनी सवयीनं बघितलं आणि नजर वळवली.

मीच ओरडले, "मामाजी, थांबा. वजन घ्या."

"तूच म्हनली ना, थांबू नका म्हनून?"

"आता मीच म्हणते, थांबा. या वं बाई, बसा लवकर. अमरावतीला नेतो."

तिघी टोपल्यांसकट डिकीत बसल्या. कमान दबली, गाडी खाली बसली, आणि मग जी निघाली ती साहेबाच्या शर्यतीच्या गाडीसारखी. मागून त्या बायका "हळू हो बाप्पा, फुलं उडून राह्यले" म्हणून ओरडत होत्या. मामाजींच्या तोंडावर जे हसू होतं ना, ते बघून मला रडता रडता राग आला. अशा वेळीही या माणसाला आपली कमान खरी ठरल्याचा आनंद!

आई होती. अंथरुणाला खिळलेली, आवाज खोल गेलेला, पण होती. मी जवळ बसले तशी तिनं चाचपडत माझं मनगट धरलं. अंगठा आणि बोट जुळवायला गेली. जुळेना. पुन्हा करून बघितलं. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "भरली व माझी पोर. खायाले देतात तुले."

दारात मामाजी पटका हातात घेऊन उभे होते. खाकरून म्हणाले, "इहीनबाई, अजून कमीच हाये. गाडीले पुरत नाई."

आई हसली. तिसऱ्या दिवशी गेली.

पुढे केव्हातरी अकोल्याला मिस्त्रीकडे गाडी होती, तेव्हा मी त्याला विचारलं, यातले चार पाटे काढले तर? तो म्हणाला, "आधे घंटे का काम, बेटी. मैं हर बार बोलता. बुवा नको बोलते." मी मामाजींकडे बघितलं. ते मिस्त्रीकडे आलेल्या एका गिऱ्हाइकाचं वजन डोळ्यांनी मोजत होते. लोक आजही म्हणतात, मोटारबुवा मनाचा मोठा, जाणूनबुजून कमान तशीच ठेवली. मी त्यांची सून होते. मला माहीत आहे, तो माणूस हट्टी होता. निदान निम्मं तरी हट्टीपणच होतं.

शेवटी शेवटी फार वाळले. तुझे आजोबा गाडी चालवायचे आणि मामाजी शेजारी बसायचे. एक दिवस म्हणाले, "आता मले वजनात धरू नका रे. माह्या जागी कोनाले तरी घ्या." त्या पावसाळ्यानंतर ते गेले. गाडी मोडीत निघाली, पण त्या कमानीतला एक पाटा मी लोहाराकडून विळीला लावून घेतला. अजून त्याच विळीवर भाजी चिरते. धार उतरत नाही. उतरेल कशी, कोणाचा पाटा आहे!

तर शाले, रस्त्याचं निमित्त पुरे. वांगी लागली आहेत, लवकर ये. आणि गाडी रिकामी आणू नको. अकोटच्या नाक्यावर एसटीची वाट बघत कोणीतरी उभं असतंच, त्यांना बसवून आण. काहून म्हणून विचारलं, तर काय सांगायचं ते तुला आता ठाऊक आहे.