आखाजीच्या दुसऱ्या दिवशी ठेवलेली सभा

परवा आखाजी झाली, म्हणजे तुमची अक्षय्य तृतीया. दोन्ही सुना माहेरी गेल्या, नातवंडं त्यांच्या मागे. घरात मी, डबाभर सांजोऱ्या आणि हा मोबाइल... माझी शाळा दुसरीपर्यंत, तेव्हा चुका काढत बसू नका.

घर असं रिकामं झालं की मला एक जुनी आखाजी आठवते. स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. मी विशीतली विधवा, जळगावकडच्या एका गावात जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला. कापसातली किडकी कवडी आणि पालापाचोळा वेचायचा, दिवसभर नाकातोंडात कापूस... आणि मजुरी अशी की तेल आणलं तर मीठ राहायचं.

आखाजीला जिन बंद असायचं. मालक मोठा धर्माचा म्हणून नव्हे... बायकाच यायच्या नाहीत. खान्देशातली बाई आखाजीला माहेरी जाणार, झोके खेळणार, मग तिच्या घरी काही का असेना.

मला माहेर नव्हतं. आईबाप पटकीत गेले, पाठीवर भाऊ नाही. पण हे जिनात कुणाला सांगितलं नव्हतं. बाकीच्यांबरोबर मीही गाठोडं घेऊन गाडीत बसायची, माहेर आल्यासारखी नरडाण्याला उतरायची, खिडकीतल्या बायकांना हात करायची.

गाडी गेली की फलाटावर बसून भाकरी खायची आणि उलट्या गाडीने परत. मग त्या येईपर्यंत दार लावून घरात. दिवासुद्धा लावायची नाही... कुणाची कीव नको होती मला.

त्या वर्षी आखाजीच्या तोंडावर आबा जिनात आले. आबा म्हणजे नगरपालिकेचे मेंबर, तोंडाने फटकळ, पण आमच्या बाजूचे. म्हणाले, "सरकार मजुरीचा किमान दर ठरवतंय. तो वाढवावा असा ठराव नगरपालिकेत आणलाय. दर ठरवणं आमच्या हातात नाही, पण गावाचा पाठिंबा वर कळवता येतो. तुम्ही सगळ्या येऊन बसा. समोर बघितलं तर मेंबरांना लाज वाटेल."

"कधी?"

"आखाजीच्या दुसऱ्या दिवशी."

बायका फिस्सकन हसल्या. साक्रीकडची यमुना, माझ्या शेजारी बसून कापूस वेचायची ती, म्हणाली, "आबा, त्या दिनले काकू तरी घर शे का?"

आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांची बायकोही माहेरीच जाणार होती. एवढे शिकलेले पुरुष बसले, तारीख ठरवली, आणि एकालाही आखाजी आठवली नाही. आता तारीख बदलेना.

आखाजीला मी नेहमीसारखी नरडाण्याला जाऊन आले. दुसऱ्या दिवशी दार लावून बसले होते. सभेची वेळ झाली तसं आत बसवेना... गेले तर गावाला कळणार की ही माहेरी गेलेलीच नाही. नाही गेले तर तिथे एकही बाई नसणार.

तोंडावर पदर घेतला आणि गेले. मागच्या बाकावर बसले. सगळी बाकं रिकामी, मी एकटीच... लग्न मोडलेल्या मांडवात बसल्यासारखी.

एक शेठ मेंबर होते, त्यांचं स्वतःचं जिन. त्यांनी रिकाम्या बाकांकडे हात केला. "बघा! गरज असती तर आल्या असत्या ना? माहेरी झोके घेतायत. बायकांची मजुरी म्हणजे वरखर्चाला. चूल नवऱ्याच्या पगारावर पेटते."

मला राहवलं नाही. म्हटलं, "माझी कुणाच्या पगारावर पेटते, तेवढं सांगा शेठ."

सगळ्या माना मागे वळल्या. शेठ म्हणाले, "तू कोण? आणि तू का नाही गेलीस माहेरी?"

इतकी वर्षं जे झाकलं, ते नेमकं त्यांनी विचारलं. आबांनी मान खाली घातली. तेव्हाच पळून जाता आलं असतं...

म्हटलं, "मला माहेर नाही. नवरा नाही. ज्यांना आहे त्या गेल्या, आणि त्यांच्या मजुरीवरही घर चालतंच. मी नुसत्या मजुरीवर जगते. वरखर्च कशाला म्हणतात ते मला माहीत नाही, तुम्हाला माहीत असेल."

मेंबरांतलं कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी हसणाऱ्याला गप्प केलं आणि मत घेतलं. हात वर व्हायला लागले... आधी आबांचा, मग एकेक करत पुष्कळ. शेठ छताकडे बघत बसले. ठराव झाला.

चार दिवसांनी बायका परतल्या. तोवर गावभर झालं होतं. मी खाली मान घालून कापूस वेचत होते. वाटलं, आता बिचारी म्हणतील.

यमुना शेजारी येऊन बसली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "का वं, तुनं माहेर नगरपालिकामा शे का?"

अख्खं जिन हसलं. मीही हसले. मग तिने पदराखालून कैऱ्या काढल्या, माझ्यापुढे ठेवल्या आणि कामाला लागली. पुढच्या आखाजीला मला कुणी आपल्या माहेरी चल म्हणालं नाही. मी वाट बघितली नव्हती... खोटं कशाला, थोडी बघितली. पण नरडाण्याला गेले नाही. घरीच राहिले आणि दिवा लावला.

मजुरी वाढली, पण उशिरा, आणि फार नाही. पुढे माझा पाट लागला, दुसरा संसार झाला, पोरंबाळं झाली. घर भरलं... आखाजीला तेवढं रिकामं होतं.

सुना विचारतात, आई तुमचं माहेर कुठलं. मी सांगते, नगरपालिका. म्हातारीला भ्रम झाला म्हणून हसतात. हसू देत. त्या दिवशी वर झालेल्या हातांत एकही हात माझ्या रक्ताचा नव्हता... पण मला माहेर नाही हे ऐकून झाल्यावर वर झाले होते.