गळ्याखाली चार बोटं

भाऊजींचं डोकं फिरायला एक सिंह पुरायचा. गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणालं, "टी-शर्टवर सिंह टाका, डोक्यावर मुकुट," की भाऊजी चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "तुमच्या घरात कुणी सिंह आहे का?" गिऱ्हाईक हसायचं. भाऊजी अजिबात हसायचे नाहीत. आतल्या खोलीत छपाईच्या टेबलाशी उभ्या असलेल्या वहिनी मात्र टी-शर्टांच्या गठ्ठ्यात तोंड लपवायच्या.

भाऊजी हे काही त्यांचं नाव नव्हे. वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. त्या भाऊजी म्हणायच्या, ते ऐकून गिऱ्हाइकं म्हणायला लागली, मग शेजारचा शिंपी, मग पोस्टमन. स्वतः लग्न केलं नाही, पण अख्ख्या वस्तीचा भाऊजी होऊन बसला बिचारा!

दुकान दोन खोल्यांचं. बाहेर भाऊजींचं टेबल, कम्प्युटर, पेन्सिलींचा डबा. आत वहिनींचं राज्य: जाळीच्या चौकटी, शाईचे डबे, शाई ओढायची रबरी पट्टी आणि टी-शर्ट चढवायची लाकडी फळी. भाऊजींनी चित्र काढायचं, वहिनींनी ते छापायचं. चित्र कुठलंही असो, ते गळ्याखाली चार बोटांवरच सुरू व्हायला हवं, हा वहिनींचा कायदा. प्रत्येक टी-शर्टवर त्या स्वतःची चार बोटं आडवी ठेवून बघायच्या. पंधरा वर्षांत त्यांची चार बोटं कधी साडेचार झाली नाहीत.

भाऊजींचा कायदा मात्र दोन खोल्यांच्या मधल्या लोखंडी कपाटावर होता. कुठलंही चित्र रस्त्यात तीन अनोळखी माणसांच्या छातीवर दिसलं, की त्या चित्राची नोकरी संपली. भाऊजी दुकानात येऊन ते चित्र चिटोऱ्यावर काढायचे, त्याला नंबर द्यायचे आणि कपाटाच्या दारावर चिकटवायचे. ह्याला ते पेन्शन म्हणायचे. एक नंबरला कवटी. दोन नंबरला पसरलेले पंख. मग मूठ, मुकुटवाला सिंह, हृदयाच्या ठोक्यांची ती वाकडीतिकडी रेघ, मावळता सूर्य आणि त्याच्यासमोर वाकलेलं झाड. अशी सत्तेचाळीस चित्रं दारावर निवांत बसली होती. पेन्शनीत गेलेल्याला परत कामावर बोलवायचं नाही म्हणजे नाही!

मग छापायचं काय? भाऊजी गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचे आणि डॉक्टरसारखे खोदून खोदून विचारायचे. कामावर गेल्यावर पहिल्यांदा हात कशाला लावता? खिशात काय असतं? गॅरेजवाल्यांच्या फुटबॉल संघाला वाघ हवा होता. दोन तास डोकं खाऊन भाऊजींनी त्यांना हात पुसायचं तेलकट फडकं काढून दिलं, गाठ मारलेलं. आधी गॅरेजवाले चिडले. मग त्यांनी ते अंगात घातलं आणि धुवायलाही टाकेनात. लोक वैतागायचे, पण परत परत यायचे, ते ह्याच्यासाठी.

भाऊजींचा थोरला भाऊ, दादा, गावातल्या तलावावर पोहायला शिकवायचा. सव्वीस वर्षं. मागच्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि गेला. वर्ष भरत आलं तसे तलावाचे व्यवस्थापक दुकानात आले. दादाकडे शिकलेले सगळे एका सकाळी जमून पोहणार होते, त्यांच्यासाठी दोनशे टी-शर्ट हवे होते. चित्रही त्यांनी सोबतच आणलं होतं. दोन मोठे पंख, मध्ये शिटी.

वहिनी हात पुसत बाहेर आल्या. कागद बघून म्हणाल्या, "छान आहे. हेच छापू."

"पंख?" भाऊजींच्या तोंडून निसटलं. "वहिनी, दादा काय कबूतर होता?"

व्यवस्थापकांनी जमिनीकडे बघितलं. वहिनींचा चेहरा खर्रकन उतरला. जिभेला हाड नसलं की असं होतं. आता शब्द परत घ्यायचे तरी कसे, हे भाऊजींना कळेना. व्यवस्थापक निघून गेल्यावर वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, दोनशे माणसं ते अंगावर घालणार आहेत. मला त्यात हे दिसायला हवेत, बाकी काही नको. तुम्हाला पंख चालत नाहीत ना? मग हे कशात दिसतात ते मला काढून दाखवा. आठ दिवस देते. नाही जमलं, तर मी पंख छापीन आणि तुम्ही मध्ये एक शब्द बोलायचा नाही."

भाऊजींना वाटलं, त्यात काय मोठंसं! सख्खा भाऊ, डोळे मिटून काढीन. पण पेन्सिल टेकवली की नुसती शिटी यायची. शिटी तर कुठल्याही मास्तरांच्या गळ्यात असते. मग लाट काढली, मग पोहण्याचा चष्मा, मग पाण्यात उडी मारणारा माणूस. त्यातला एकही दादा नव्हता. तिसऱ्या दिवशी ते तलावावर जाऊन बाकावर बसले. नवीन मास्तर मुलांना पाय मारायला लावत होते. भाऊजी तासभर बघत राहिले आणि ओला सदरा घेऊन परत आले. चेहरा काढला तर तो बँकेतल्या कॅशियरसारखा आला. पाचव्या दिवशी जेवणावरचं लक्ष उडालं.

सहाव्या दिवशी मात्र त्यांना सुचलं. वरून पाण्याकडे झेपावलेला एक हात, बुडणाऱ्याला धरायला निघालेला. कागद घेऊन ते आत गेले ते जवळजवळ पळतच. "वहिनी, हा बघा!"

वहिनींनी चित्र बघितलं. त्या सरळ कपाटाशी गेल्या आणि एकोणीस नंबरवर बोट ठेवलं. "मग हा कोण?"

तोच हात होता. रक्तदान शिबिराच्या टी-शर्टांवर तीनदा दिसला म्हणून खुद्द भाऊजींनीच त्याला घरी बसवलं होतं. भाऊजींना कुणीतरी मुस्काटात मारल्यासारखं झालं. ते स्टुलावर बसले, त्याच स्टुलावर, जिथे गिऱ्हाइकांना बसवायचे.

"वहिनी, मला नाही जमत," ते म्हणाले. "माझा दादा, आणि मला तो काढता येत नाही हो." डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. "छापा तुम्ही पंख."

वहिनींनी पंखांचा कागद घेतला नाही. समोरच्या खोक्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "आता मी विचारते. ह्यांनी कधी वरून हात दिला का कुणाला?"

"म्हणजे?"

"लग्नानंतर मला पोहायला शिकवलं ह्यांनी. पाणी बघूनच माझी पाचावर धारण बसली होती. मला आडवं केलं आणि खालून पोटाला हात लावला. 'मी धरलंय, मी धरलंय' म्हणत राहिले. मी आपली मारतेय हातपाय. पलीकडे पोचले आणि मागे बघते तर हे अलीकडच्या काठाशी उभे, हाताची घडी घालून हसतायत! दोन दिवस बोलले नाही मी ह्यांच्याशी."

भाऊजी रडता रडता हसले. सात वर्षांचे असताना त्यांनाही अगदी तसंच फसवलं होतं. लांबून येणारं ते "मी धरलंय" त्यांना आत्ता ऐकू आलं, आणि त्या ठिकाणी, बेंबीच्या जरा वर, पोट आपोआप आत गेलं.

वहिनींनी त्यांचा डावा हात मनगटाला धरून टेबलावर उताणा ठेवला. "ताठ नको. सैल सोडा. बोटं जराशी फाकवा. हं, असा. आणि करंगळी वाकवा, ह्यांची दारात चेमटलेली होती." भाऊजींनी उजव्या हाताने पेन्सिल घेतली आणि आपल्याच तळहातावरून भावाचा तळहात काढायला लागले. त्यांच्या घराण्यात सगळ्यांचे पंजे सारखेच, रुंद. वहिनी मनगट धरून बसल्या होत्या. तासाभरात चित्र झालं. त्याच्या बाजूला ना लाट, ना शिटी, ना एक अक्षर.

दुसऱ्या दिवशी चौकट तयार झाली. वहिनींनी पहिला टी-शर्ट फळीवर चढवला आणि खालून वर ओढला, चांगला वीतभर. भाऊजी दारातूनच ओरडले, "अहो वहिनी, चार बोटं! चित्र पार खाली जातंय, पोटावर येईल!"

वहिनींनी चौकट खाली टेकवली, शाई ओतली, रबरी पट्टी दोन्ही हातांनी धरून सरळ आपल्याकडे ओढली. चौकट उचलली तेव्हा टी-शर्टची सगळी छाती कोरी होती.

"हे छातीला कधी धरायचे?" त्या म्हणाल्या.

पंधरा वर्षं चार बोटं मोजणाऱ्या बाईने आपला कायदा स्वतःच्या हाताने मोडला होता. आणि सत्तेचाळीस चित्रांना घरी बसवणाऱ्या शहाण्याला चित्र ठेवायचं कुठे, हे सुचलं नव्हतं.

वहिनींनी गरम हवेवर शाई वाळवली आणि टी-शर्ट त्यांच्या हातात दिला. "घाला."

भाऊजींनी सदरा काढला आणि टी-शर्ट डोक्यातून घातला. तळहात बरोबर त्या जागी आला. शाई अजून कोमट होती, कापडातून ती ऊब पोटाला लागली. भाऊजींनी वरून स्वतःचा हात त्यावर ठेवला आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले.

वहिनींनी तोवर दुसरा टी-शर्ट फळीवर चढवला होता.

"धरलंय ना?" त्यांनी मागे न वळता विचारलं.

"धरलंय," भाऊजी म्हणाले.